पोत्यात किती किलो?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर पहाटे सहापासून फॉरवर्ड येतात, मी आणखी काय सांगणार? मी आफ्रिकेतल्या देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबावर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बोल बाई. पण जेवणाच्या आधीची वेळ आहे, एवढं लक्षात ठेव."

हा विषय माझ्याकडे अभ्यासातून नाही, नोकरीतून आला. अर्थशास्त्र मी शिकले ते दहावीला भूगोलाच्या जोडीला होतं तेवढंच. पण काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या कंपनीला पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या सांख्यिकी कार्यालयाचं काम मिळालं. घरोघरी जाऊन शेती, धंदा, खर्च यांची माहिती टॅबलेटवर भरायची आणि ती थेट राजधानीतल्या सर्व्हरवर पोचवायची, असं सॉफ्टवेअर करायचं होतं. टीम माझ्याकडे होती. मी तिथे तीनदा गेले, सगळं मिळून चारेक महिने राहिले. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती आमची होती, ती उगाच त्या कार्यालयाच्या माथी बसायला नको.

आधी घानाची गोष्ट सांगते. ५ नोव्हेंबर २०१०. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. त्याच दिवशी घानाच्या सांख्यिकी विभागाने जाहीर केलं की देशाचा जीडीपी आपण समजत होतो त्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी मोठा आहे. आदल्या रात्री गरीब म्हणून झोपलेला देश सकाळी निम्न-मध्यम उत्पन्नाचा होऊन उठला. आणि कुणाच्याही ताटात एक घास वाढलेला नव्हता.

झालं होतं काय? हिशेबाचं आधारवर्ष १९९३ होतं, ते २००६ केलं. आधारवर्ष म्हणजे काय ते मी आमच्या भाषेत सांगते. एखादा प्रोग्राम १९९३ साली कोणीतरी लिहिला आणि त्यात ठोकून टाकलं, की अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा इतका, कारखान्यांचा इतका, दुकानांचा इतका. मग दरवर्षी त्या त्या खान्याला थोडी थोडी वाढ लावत जायची. हे चार-पाच वर्षं चालतं. पण जो धंदा १९९३ साली नव्हताच, त्याला खानाच नाही. त्याला वाढ कशाची लावणार? शून्याला कितीनेही गुणा, शून्यच येतं, हे सरांनी आपल्याला पट्टी हातात घेऊन शिकवलंय.

नायजेरियाचं आणखी मोठं. तिथे आधारवर्ष होतं १९९०. फोन म्हणजे एक सरकारी कंपनी आणि तिच्या लाइनसाठी लावलेला नंबर, असा तो काळ. मोबाइल सेवा आली २००१ साली. हातोहाती फोन गेले, कोपऱ्याकोपऱ्यावर रिचार्जच्या छत्र्या लागल्या, पण राष्ट्रीय हिशेबात टेलिकॉमचा वाटा एक टक्क्याच्याही आत. एप्रिल २०१४ मध्ये आधारवर्ष २०१० केलं, तेव्हा तो पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास निघाला. सिनेमाचं तसंच. नॉलिवूडमध्ये सिनेमांचा पूर वाहत होता आणि हिशेबात त्यांना स्वतंत्र जागा नव्हती. सगळं धरून २०१३ सालचा जीडीपी सुमारे २७० अब्ज डॉलरवरून ५१० अब्जांवर गेला. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया खंडातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्याच वर्षी केनियानेही आधारवर्ष बदललं, तिथे सुमारे २५ टक्क्यांची वाढ निघाली. झांबियातही साधारण तेवढीच.

यावर हसणारे पुष्कळ होते. "आफ्रिकेचे आकडे ना, काय वाटेल ते सांगतील." मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण परिणाम बघा. देश कुठल्या वर्गात बसतो त्यावर त्याला सवलतीचं कर्ज किती आणि किती वर्षांसाठी मिळणार ते ठरतं. जीडीपी फुगला की कर्जाचं त्याच्याशी असलेलं प्रमाण आपोआप घटतं, म्हणजे आणखी कर्ज घ्यायला वाव दिसतो. करवसुलीचं प्रमाणही घटतं, मग बाहेरचे तज्ज्ञ म्हणतात, तुम्ही कर फार कमी गोळा करता. खाली भागणारा आकडा बदलला की वरचं सगळं हलतं. अर्थमंत्री कसाही असो, दोरी त्या आकड्याला बांधलेली असते.

मग हा आकडा करतं कोण? मॉर्टन येर्वेन नावाचे एक नॉर्वेचे आर्थिक इतिहासकार आहेत. आफ्रिकेतल्या सांख्यिकी कार्यालयांत प्रत्यक्ष जाऊन, तिथल्या लोकांशी बोलून त्यांनी २०१३ साली 'पुअर नंबर्स' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला झांबियाचा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. २०१० मध्ये ते लुसाकाच्या कार्यालयात गेले, तेव्हा राष्ट्रीय लेख्यांच्या विभागात एकच माणूस उरला होता. जोडीदार होता, त्याला जनगणनेच्या कामावर उचललं होतं. उद्योगांची आकडेवारी आणि सरकारी जमाखर्च ही कामंही याच्याच अंगावर. त्या माणसालाही हीच काळजी, की मी नसलो तर काय?

आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. किती माणसं बसखाली आली तर प्रकल्प बंद पडेल, त्याचा आकडा. झांबियाच्या जीडीपीचा बस फॅक्टर होता एक. एका अख्ख्या देशाच्या तांब्याचा, मक्याचा, बाजारहाटाचा हिशेब एका टेबलावर, आणि त्या टेबलावरचा माणूस आजारी पडला तर तिमाहीचा आकडा नाही.

हे असं का झालं? माणसं आळशी म्हणून नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या कार्यालयांना मान होता. नवे देश होते, पंचवार्षिक योजना करायच्या होत्या, आपल्यासारखंच. आपल्याकडे १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, महालनोबीस अध्यक्ष आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. ही त्याच काळातली उमेद. पण १९८० च्या दशकात कर्जाचं संकट आलं, कर्ज देणाऱ्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावायला सांगितलं, आणि कात्री आधी कुठे चालते? ज्या खात्याचं काम मतदाराला दिसत नाही तिथे. नंतर पैसा पुन्हा आला, पण तो देणगीदारांचा आणि त्यांच्या प्रश्नांपुरता. कुणाला आरोग्याची पाहणी हवी, कुणाला दारिद्र्याची. पाहणीवर गेलं की दिवसाचा भत्ता मिळतो, टेबलावर बसून राष्ट्रीय लेखे जुळवले तर नुसता पगार. हुशार माणूस कुठे जाईल?

आता एक गोष्ट मला इथेच, या सभागृहात सांगायची आहे. १९९१ च्या जनगणनेला आपण पाचवीत होतो. आपले किती तरी सर-बाई प्रगणक म्हणून फिरत होते. दुपारनंतर तास नसायचे म्हणून आपण खूश. तेव्हा आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी सांगितलेलं मला अजून आठवतं. त्या समोर बसल्या आहेत, चुकलं तर सांगतील. एका घरी बाईंनी विचारलं, "आणि या काय काम करतात?" घरधनी म्हणाला, "काही नाही, घरीच असते." आणि ती 'घरीच असणारी' त्या वेळी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन दारात येऊन थांबली होती, वाट अडवून बाई उभ्या म्हणून. बाईंनी पुन्हा प्रश्न विचारले, वेगळ्या तऱ्हेने विचारले, आणि मग रकाना भरला.

हाच प्रसंग आफ्रिकेत, त्याच्याही चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी, एका तरुण बाईच्या पुढे उभा राहिला होता. फिलिस डीन. १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना लंडनमध्ये एक काम मिळालं. जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन हे दोघे तेव्हा ब्रिटनच्या राष्ट्रीय जमाखर्चाचा साचा बसवत होते. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. तोच साचा वसाहतींना बसतो का, हे डीनबाईंनी बघायचं होतं. युद्ध चालू असेपर्यंत त्यांनी लंडनमध्येच बसून सरकारी अहवालांवरून उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँडचा, म्हणजे आजच्या झांबियाचा आणि मलावीचा, हिशेब मांडला. युद्धानंतर त्या स्वतः तिकडे गेल्या, खेड्यांत पाहण्या केल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातला बहुतेक व्यवहार पैशात होतच नाही, आणि बायकांचं सरपण गोळा करणं, धान्य कुटणं-दळणं हे वगळलं तर खेड्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग हातातून निसटतो. त्यांनी तसं मांडलंही. पण जगभर रूढ झालेल्या साच्यात ते मावलं नाही. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत घरच्यासाठी वाहून आणलेलं पाणी आणि गोळा केलेलं सरपण उत्पादनात धरलं गेलं. त्या सरपणावर शिजवलेला स्वयंपाक अजूनही त्यात नाही. यावर मी माझं मत सांगत नाही. समोरच्या मैत्रिणींचे चेहरे बघूनच कळतंय.

आता आमची चूक.

आमच्या पहिल्या चाचणीत डोंगराळ भागातला एक जिल्हा होता, बटाट्याचा. फॉर्ममध्ये प्रश्न होता, या हंगामात किती बटाटा निघाला? शेतकरी किलोत सांगत नाही, पोत्यांत सांगतो. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही हुशारीने पोत्यांचा पर्याय दिला आणि आत कोडमध्ये लिहिलं, एक पोतं बरोबर शंभर किलो. शिवाय एकरी उत्पादन एका मर्यादेच्या वर गेलं की पडदा लाल व्हायचा आणि फॉर्म पुढे सरकायचाच नाही. चुकीची माहिती आत यायला नको ना! पुण्यात डेमो दिला तेव्हा या लाल पडद्याचं फार कौतुक झालं होतं.

माहिती आली. स्वच्छ, रिकामे रकाने नाहीत, सगळं मर्यादेत. मी आलेख काढून कार्यालयात नेला. तिथे एक वयस्क अधिकारी बाई होत्या. स्वाहिली भागात वयाने मोठ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात. मला पहिले आठ दिवस हे जड गेलं, तोंडावर आलं की समोर आमचे मिशीवाले मामाच दिसायचे. तर या मामांनी आलेख डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "इतक्या घरांचे बटाटे एकाच उंचीवर येऊन का थांबलेत?"

मी बघितलं. खरंच, मर्यादेच्या किंचित खाली येऊन कितीतरी घरं एका ओळीत उभी होती, कवायतीला उभी केल्यासारखी. आमचा प्रगणक पोरगा शेतकऱ्याने सांगितलेली पोती भरायचा, पडदा लाल व्हायचा, संध्याकाळ होत आलेली, अजून चार घरं बाकी. मग तो एकेक पोतं कमी करत जायचा, पडदा पांढरा होईपर्यंत. आमच्या सॉफ्टवेअरने चूक पकडली नव्हती, चूक करायला शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी मामा मला बाजारात घेऊन गेल्या. बटाट्याचं पोतं तोंडाला शिवत नाहीत. वर जाळी लावून आणखी भरतात, इतकं की पोत्यावर दुसरं अर्धं पोतं बसल्यासारखं दिसतं. त्याला तिकडे 'लुंबेसा' म्हणतात. व्यापारी एका पोत्याचा भाव देतो आणि लुंबेसा उचलतो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ते एकच पोतं. आम्ही एक वजन करून बघितलं, दीडशे किलोच्या वर भरलं. म्हणजे पोरगा पोती कमी करत होता आणि माझा स्थिरांक पोतं कमी करत होता. दोन चुका एकाच दिशेला. शिवाय पाहणीतलं प्रत्येक घर शेकडो घरांच्या वतीने बोलत असतं, म्हणजे ती चूक तेवढ्याने गुणून वर जिल्ह्याच्या, मग देशाच्या बेरजेत.

आपल्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांना हे नवं नाही. पायली सपाट मोजायची की शीग लावून, यावरून आमच्या आजोळी खळ्यावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. आणि तरीही कोडमध्ये मी लिहिलं, एक पोतं शंभर किलो. शिकलेल्या माणसाला शीग दिसत नाही, एवढंच मी म्हणेन.

यावर उपाय नाही असं नाही, आणि तो कुठे परदेशातून आणायचाही नव्हता. मलावीत डबा, टोपली, बैलगाडी अशी मापं चालतात. तिथल्या पाहणीवाल्यांनी बाजारात जाऊन ही मापं वजन करून घेतली, सपाट आणि शिगेची वेगवेगळी, आणि प्रगणकांच्या हातात फोटो दिले. शेतकरी फोटोवर बोट ठेवतो, "हे माप." युगांडात २००५ पासून सीमेवरच्या नाक्यांवर माणसं बसवून, सायकलवरून, डोक्यावरून काय काय पलीकडे जातंय ते मोजतात. मका, घेवडा, मासे, चपला. कस्टमच्या कागदावर यातलं काहीच नसतं. जमीन मोजण्याचंही तसंच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जीपीएसने शेतं मोजून बघितली, तेव्हा छोटा शेतकरी आपलं शेत जास्त सांगतो आणि मोठा कमी, असं दिसलं. यातलं एकही काम अवघड नाही. ते दरवर्षी, त्याच माणसांनी, त्याच पद्धतीने करत राहणं अवघड आहे.

त्यात आम्ही कुठे होतो ते सांगते. आम्ही पोत्यांचं दुरुस्त केलं. लाल पडदा काढून पिवळा केला: फॉर्म पुढे जाईल, पण प्रगणकाने कारण लिहायचं. मामांनी मापांची यादी करून दिली. तिथल्या चार मुलांना आम्ही सगळं शिकवलं, अतिशय तयारीची मुलं. दोन वर्षं संपली, समारंभ झाला, फोटो झाले, आम्ही परत आलो. दीड वर्षाने मी सहज फोन केला. चारातली दोन मुलं बँकेत गेली होती, एक मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्या कंपनीत, एक परदेशात. सर्व्हरचं वार्षिक भाडं भरायला कार्यालयाच्या अंदाजपत्रकात खानाच नव्हता. प्रकल्पाच्या पैशातून भरलं जायचं आणि प्रकल्प संपला होता. काम पुन्हा एक्सेलवर आलं होतं, आणि मामा निवृत्त व्हायला आल्या होत्या. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर मात्र तो प्रकल्प आजही 'यशोगाथा' या सदरात आहे. मजकूर मीच लिहिलाय.

त्यामुळे 'सांख्यिकी क्षमता वाढवणे' हे शब्द कुठल्या निविदेत दिसले की मी आता वेगळे प्रश्न विचारते. किती पदं कायम आहेत? त्यांचा पगार कोण देतं? जुन्या पाहणीच्या फाइली कुठे ठेवता? हिशेब कसा केला ते लिहून ठेवलंय का, की एकाच्या डोक्यात आहे? टॅबलेट शेवटी. टॅबलेटच्या विरोधात मी नाही, माझं घर त्यावर चालतं. २०१९ साली केनियाने अख्खी जनगणना टॅबलेटवर केली. ती यंत्रं तिथल्याच दोन विद्यापीठांनी पुरवली होती आणि ४ कोटी ७६ लाख माणसं मोजली गेली. पण मागे कायमचं कार्यालय होतं आणि १९६९ पासून दर दहा वर्षांनी जनगणना करण्याचा शिरस्ता होता. उलट काँगो लोकशाही प्रजासत्ताकात १९८४ नंतर जनगणना झालेली नाही. नायजेरियात शेवटची २००६ साली. त्याच्या आधीच्या १९९१ च्या मोजणीत ११ कोटींच्या वर निघतील असं धरलेले लोक ९ कोटींच्या आत निघाले होते. दरडोई उत्पन्न काढायला भागायचं कशाने, इथपासून सुरुवात. आपण फार हसायचं कारण नाही, आपलीही २०२१ ची जनगणना लांबत गेलीच.

आणि एक धोका आहे, ज्यावर कुठलंही सॉफ्टवेअर नाही. आकडा सरकारला आवडला नाही तर? टांझानियाने २०१८ मध्ये कायद्यात बदल करून सरकारी आकडेवारीला छेद देणारी आकडेवारी प्रसिद्ध करणं हा गुन्हाच ठरवला होता. बरीच ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी तो भाग मागे घेतला. आफ्रिकी देशांनी २००९ साली मिळून सांख्यिकीची सनद मंजूर केली आहे, सांख्यिकी कार्यालयाच्या स्वातंत्र्याचं तत्त्व तिच्यात आहे. ती लागू व्हायला २०१५ उजाडलं. कागद आहे, आणि कागद असणंही उपयोगी पडतं. कार्यालयातल्या माणसाला वरच्याला 'नाही' म्हणताना हातात धरायला काहीतरी लागतं.

मी मात्र आशा ठेवून आहे, आणि ती माणसांमुळे. घानाने २०१० नंतर हात झटकले नाहीत. २०१८ साली पुन्हा आधारवर्ष बदललं, या वेळी फरक २५ टक्क्यांच्या आसपास निघाला. झांबियाने जुन्या कार्यालयाच्या जागी २०१८ च्या कायद्याने स्वतंत्र सांख्यिकी संस्था उभी केली. दार-ए-सलाम, आबिजान, डाकार, याउंदे इथल्या सांख्यिकीच्या शाळांमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतायत. आपल्या कोलकात्यालाही १९५० पासून परदेशी मुलांसाठी असं केंद्र आहे. आमच्या मामा तरुणपणी तिथेच दहा महिने शिकून गेल्या होत्या. मासे आवडले, उन्हाळा नाही, आणि हिंदी गाणी चार-पाच पाठ. बाजारात लुंबेसाचं वजन करताना त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे खेड्यात कशाने मोजतात?" मी पायलीबद्दल सांगितलं. "किती किलोची?" मला सांगता येईना. आजी गेल्यापासून पायली माळ्यावर होती, आणि शेजारच्या गावची पायली वेगळी असते एवढंच मला माहीत.

यंदा मे महिन्यात आजोळी गेले होते, तेव्हा माळ्यावरून पायली काढली, घासली, मामाच्या, म्हणजे मिशीवाल्या मामाच्या, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. सपाट भरून एकदा, शीग लावून एकदा. दोन्ही वजनं फोटोसकट त्या मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्या आता निवृत्त आहेत, घरी कोंबड्या पाळतात. दहा मिनिटांत उत्तर आलं, "छान. पण धान्य कोणतं?"

मी लिहायला विसरले होते.